कावीळ ओढणारं पाखरू

सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. नरडाण्याहून, शिंदखेड्याहून, पार शिरपूरच्या पलीकडच्या पाड्यांवरून माणसं आली होती. कोणी ॲपे रिक्षात, कोणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. एका म्हाताऱ्याला तर चौघांनी खाटेसकट उचलून आणलं होतं. आजारी कोण आणि सोबतीला आलेलं कोण हे विचारावं लागत नव्हतं, डोळ्यांकडे पाहिलं की कळत होतं. आजाऱ्यांच्या डोळ्यांतला पांढरा भाग पिकल्या लिंबासारखा झाला होता.

एके काळी जिथे कापूस मोजला जाई त्या ओट्यावर पाखरूबाबा बसला होता. अंगात पिवळी कफनी, गळ्यात पिसांची माळ, आवाज मात्र बसस्टँडवर औषधं विकणाऱ्याचा.

"कावीळ म्हणजे काय? शरीरात शिरलेली पिवळी डाकीण! डाक्टर सुई टोचतो, डाकीण हसते. डाक्टर गोळी देतो, डाकीण गोळी खाऊन ढेकर देते! तिला काय पाहिजे? जीव पाहिजे. जिवाच्या बदल्यात जीव! बोला, पाखरूबाबा की..."

"जय!"

खाटेवरच्या म्हाताऱ्याला, उखर्डू आबाला, ओट्यावर निजवलं. शेजारी बेबाबाई नावाची धिप्पाड बाई पिंजरा घेऊन उभी होती. तिने आत हात घालून एक पाखरू काढलं. अंगठ्याएवढं, मातकट पाठीचं, पांढऱ्या पोटाचं. बाबाने त्याचं पोट तांब्यातल्या पाण्यात बुडवलं आणि पाखरू उंच धरलं.

"नीट बघा! दुधासारखं पांढरं. नंतर म्हणू नका बाबाने बदललं!"

मग पाखरू आबाच्या बेंबीवर ठेवलं, वरून लाल कापड पसरलं, कापडाखाली स्वतःचा हात. बाबाचे ओठ पुटपुटू लागले. गर्दी श्वास रोखून उभी. दीड मिनिटाने कापड ओढलं आणि माणसांच्या तोंडून एकच उद्गार निघाला. पाखराचं पोट पिवळंधमक झालं होतं आणि मान बाबाच्या बोटांवरून खाली लोंबत होती.

"ओढली! आबाची कावीळ पाखराने ओढून घेतली!"

बायकांनी जमिनीला डोकं टेकवलं. गर्दीत बहिणीला शोधत उभ्या असलेल्या दिपमालाची नजर बाबाच्या मनगटावर खिळली होती. कापड हलत नव्हतं, पण मनगटाची शीर ताठ झाली होती. नुसता हात ठेवणाऱ्या माणसाची शीर अशी ताठत नाही.

दिपमाला जळगावची, मेहरूणला राहणारी, पाइपांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत नोकरीला. रविवारी पहाटे दुर्बीण गळ्यात अडकवून ती मेहरूण तलावावर जायची आणि दिसलेली पाखरं वहीत मोजून लिहायची. अकरा वर्षं हे चाललं होतं. गल्लीत तिला पाखरंवाली बाई म्हणत. बाबाच्या हातातलं पाखरू तिने लांबूनच ओळखलं होतं. पांढऱ्या कंठाची मनोली. दोन-तीन नाण्यांएवढं वजन, बाभळीच्या काट्यांत घरटं, गवताच्या बियांवर पोट. तलावामागच्या बाभळवनात दिवाळीला तिने अशा एकशे साठ मोजल्या होत्या. जानेवारीत तीसही भरल्या नाहीत.

तीन आठवड्यांपूर्वी त्याच बाभळवनात काड्यांना चीक लावून बसलेला एक पारधी तिला सापडला होता. तिने दरडावल्यावर तो म्हणाला होता, "नरडाण्याकडच्या कावीळवाल्या बाबाला लागतात मॅडम. एका रविवारी साठ-साठ जातात." दिपमालाने घरी येऊन वनखात्याकडे तक्रार लिहिली, फोटो जोडले, आणि चांगलं काम केल्याच्या समाधानात चहा घेतला. साठ पाखरं जातात म्हणजे त्यांच्याखाली साठ आजारी माणसं झोपत असतील, हे तिच्या मनातही आलं नाही.

आणि काल संध्याकाळी धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, स्वप्नीलचा, फोन आला.

"ताई, सरिताला जरा कावीळ झालीय. घाबरू नका. मागच्या रविवारी आईने बाबाकडे पाखरू लावून आणलं. उद्या दुसरं लावायचं."

सरिताला सातवा महिना संपत आला होता.

सकाळच्या पहिल्या गाडीत बसून दिपमालाने डॉ. हेमलताला फोन लावला. हेमलता त्यांच्या पाखरं बघणाऱ्या गटातली, बाळंतपणाची डॉक्टर. सगळं ऐकून ती म्हणाली,

"हे बघ, इतरांची कावीळ बहुतेक वेळा विश्रांतीने उतरते. गरोदर बाईची कधी कधी चार दिवसांत जीव घेते. तू पोचलीस की तिला वार विचार. तू कोण आहेस ते विचार. गोंधळली असेल तर एक मिनिट थांबू नकोस, धुळ्याला मोठ्या दवाखान्यात ने."

आवारात शोधून दिपमाला जिनिंगच्या फाटकाशी परत आली, तर तिथे कोणाकडून तरी मागून आणलेली ओम्नी उभी होती. मागच्या सीटवर सरिता आडवी पडली होती, डोकं सासूच्या, ताईबाईच्या, मांडीवर. दिपमाला बहिणीच्या चेहऱ्यावर वाकली. ओठांवर सुकलेलं रक्त होतं.

"सरे, मी आलेय."

सरिताने डोळे अर्धवट उघडले. "आई, नळ आला का?"

त्यांची आई जाऊन सहा वर्षं झाली होती.

"सरे, आज वार कोणता?"

सरिता खूप वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, "पेपर आहे ना उद्या," आणि पुन्हा डोळे मिटले.

"झोप येई ऱ्हायनी तिले," ताईबाई सुनेच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाली. "गुन पडी ऱ्हायना." पाखराचा गुण येतोय याची तिला खात्री होती.

"अक्का, ही झोप नाही. तिची शुद्ध हरपतेय. आत्ताच्या आत्ता धुळ्याला न्यायला हवं."

"दवाखानामा लई गया का पाखरूना गुन जास. बाबानी सांगेल शे. आज पाखरू लावू, मंग मंगळवारले नेसूत."

"मंगळवारपर्यंत ती..." दिपमालाने बहिणीच्या ओठांवरचं रक्त रुमालाने पुसलं.

"मन्हा भाऊ आठेच बरा व्हयना," इथेच बऱ्या झालेल्या भावाच्या आठवणीने ताईबाईचा आवाज चिरका झाला. "मी मन्हा डोयाघाई दखेल शे. तू शिकेल शे, पन मी का तिन्ही दुश्मन शे का?"

ती दुश्मन नव्हती. तिचे डोळे जागरणाने तांबारले होते, सुनेच्या ओकाऱ्यांनी लुगड्याचा पदर डागाळला होता. दुश्मन असती तर सोपं होतं.

दिपमालाने स्वप्नीलकडे पाहिलं. गाडीची किल्ली त्याच्या हातात होती.

"तू तिचा नवरा आहेस ना? काढ गाडी."

"ताई, आईला डावलून नेलं आणि वाटेत काही झालं तर?" त्याने किल्ली मुठीत घट्ट धरली. "आपला नंबर सत्तेचाळीस आहे. पंचेचाळीस चाललाय. फक्त पाच मिनिटं."

सत्तेचाळीस नंबर पुकारला गेला. सरिताला उचलून ओट्यावर नेलं. तिच्याबरोबर दिपमालाही चढली.

"महाराज, पाखरू मी धरते."

बाबाने तिला खालून वर न्याहाळलं. "बाई, हे पाखरू मंतरलेलं आहे. बाईमाणसाचा हात लागला की मंत्र जळतो."

"पिंजरा तर बेबाबाईच्या हातात आहे. ती बाईमाणूस नाही का?"

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. बाबा काही बोलायच्या आत दिपमालाने पिंजऱ्यात हात घातला. जखमी पाखरं हाताळायला ती काही वर्षांपूर्वी शिकली होती. पाठ तळव्यात, मान दोन बोटांच्या मधून बाहेर, छाती मोकळी. मनोलीचं काळीज तिच्या हातात धडधडत होतं. तिने पाखरू तसंच सरिताच्या उघड्या बेंबीवर टेकवून धरलं. कापड नाही, मंत्र नाही.

"सगळ्यांनी बघा. कावीळ ओढायची असेल तर आता ओढेल."

एक मिनिट गेलं. दोन गेली. तीन गेली. पाखरू पांढरंच होतं आणि टकामका बघत होतं. सरिताच्या पोटात बाळाने लाथ मारली, तसं ते दचकलं. दिपमालाने बोटं सैल केली. पाखरू भुर्रकन उडून शेडच्या पत्र्याखालच्या लोखंडी दांड्यावर जाऊन बसलं.

"बघितलंत? ना पिवळं झालं, ना मेलं."

तिला वाटलं, संपलं. पण बाबा या धंद्यात मुरलेला होता. त्याने दोन्ही हात कपाळावर मारून घेतले.

"घात केला! पाखरू रोग न घेताच उडालं! डाकीण आता मोकाट सुटली. आता ती एक नाही, दोन जीव घेणार!"

गर्दीचा नूर एका श्वासात बदलला. "उतारा त्या बाईले खाली!" कोणीतरी दिपमालाची वेणी मागून ओढली. ताईबाई तर बाबाच्या पायांवर कोसळलीच. "चुकनं बाबा, लेकरू शे ते, चुकनं. परत लावा पाखरू. मन्हा घरना दोन जीव शेतस."

बाबाने घाईघाईने दुसरं पाखरू घेतलं, पाण्यात बुडवलं, लाल कापड पसरलं. मनगटाची शीर ताठ झाली. या वेळी मिनिटभरातच कापड निघालं. पिवळं पोट, लोंबणारी मान.

"घ्या! वाचवली!"

"जय!" गर्दी ओरडली.

दिपमाला रडकुंडीला आली होती. इतक्या माणसांच्या डोळ्यांदेखत पाखरू जिवंत उडालं आणि काहीच बदललं नाही. सरिताचा श्वास जड झाला होता. गर्दीला पटवत बसायला आता वेळ नव्हता. पटायला हवं होतं एकाच बाईला, ताईबाईला. आणि त्या बाईला काय कळतं, काय तिच्या हाताखालून रोज जातं, याचा विचार करता करता दिपमालाची नजर शेडबाहेरच्या हापशावर गेली. तिथे एक बाई आजाऱ्याचे ओकारीने भरलेले कपडे धूत होती.

तिने बाबाच्या हातातलं मेलेलं पाखरू हिसकावलं आणि ओट्यावरून उडी मारली. बेबाबाई "धरा तिला" म्हणत मागे धावली. तिच्या वाटेत स्वप्नील आडवा आला. का आला ते त्यालाही कदाचित सांगता आलं नसतं. पण दोन्ही हात पसरून तो उभा राहिला.

दिपमालाने हापशाच्या ओट्यावरची साबणाची वडी उचलली, ओली केली आणि पाखराच्या पिवळ्या पोटावर घासली. पिवळी पिसं बघता बघता लाल झाली, कुंकू सांडावं तशी. ती तशीच पळत परत आली आणि पाखरू तिने ताईबाईच्या हातावर ठेवलं.

"अक्का, इतके दिवस सरिताचे कपडे तुम्ही धुताय. तिच्या लघवीचे पिवळे डाग पडतात ना? त्यांना साबण लावला की काय होतं?"

"निंघी जातस," ताईबाई गोंधळून म्हणाली. "फिक्का पडतस."

"लाल होतात का?"

"नही."

"मग साबण लागला की लाल काय होतं?"

ताईबाई हातातल्या पाखराकडे बघत राहिली. पोराच्या लग्नातली हळदीची लुगडी तिने स्वतः धुतली होती. तिने मान वर केली, दिपमालाच्या हातातली साबणाची वडी घेतली, पदराचं टोक त्यावर घासलं आणि त्या टोकाने सुनेची बेंबी पुसली. पदर लाल झाला.

"हयद," ती पुटपुटली. मग तिने अशी किंकाळी फोडली की अख्खी रांग गप्प झाली. "हयद शे रे स्वप्न्या! कापडमा हयद शे! गाडी काढ!"

"साबणाने मंत्र उलटतो..." बाबाने सुरुवात केली. पण ओट्याखाली खाटेवर टेकून बसलेल्या उखर्डू आबाने त्याच्या हातातलं लाल कापड ओढलं, आणि कापडाच्या आत शिवलेल्या कप्प्यातून हळदीची भुकटी त्या म्हाताऱ्याच्या धोतरावर सांडली.

पुढे तिथे काय झालं ते पाहायला ही तिघं थांबली नाहीत. सरिताला ओम्नीत घातलं. महामार्गावर स्वप्नील वेड्यासारखी गाडी हाकत होता, ताईबाई सुनेचं नाव घेऊन हाका मारत होती, आणि सोनगीर मागे पडेपर्यंत सरिताने त्या हाकांना उत्तर देणंही बंद केलं होतं.

धुळ्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने तिला तपासलं आणि बाहेर येऊन विचारलं, "ताप कधी आला होता?"

"बारा दिवस झाले," स्वप्नील म्हणाला.

"मग इतके दिवस कुठे होतात?"

ताईबाईने पदराचं लाल झालेलं टोक मुठीत दडवलं.

मंगळवारी दुपारी बाळ गेलं. मुलगी होती. सरिता बेशुद्धच होती, तिला कळलंही नाही. बाळाला कपड्यात गुंडाळून स्वप्नील एकटाच गेला आणि परत येऊन भिंतीशी बसला. डॉक्टर म्हणाले, आईचंही सांगता येत नाही, चार दिवस धीर धरा.

त्या चार दिवसांत बाकावर ताईबाई आणि दिपमाला शेजारी शेजारी बसून असत. बुधवारी ताईबाईने एकदम विचारलं, "हयद ते समजनं. मंग पाखरू मरस कसं?"

दिपमालाने तिचा हात आपल्या पोटावर ठेवून घेतला. "आपण श्वास घेतो तेव्हा पोट हलतं. कोणी छाती थोडी दाबली तरी आपण मरत नाही. पाखराचं तसं नसतं, त्याच्या छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच वारा आत जातो. त्या हाडावर अंगठा दाबून धरला की चोच उघडी असूनही ते गुदमरतं. एक मिनिट पुरतं. ना रक्त, ना जखम. बाबाचा अंगठा कापडाखाली तेवढंच करत होता."

"मंग मन्हा भाऊ कसा बरा व्हयना?"

"पाखरू लावलं नसतं तरी बरा झाला असता, अक्का. दहातल्या नऊ जणांची अशी कावीळ महिन्या-दीड महिन्यात आपोआप उतरते. नळात गटाराचं पाणी शिरलं की ती गावभर होते, आणि बरे झाले की सगळे बाबाचं नाव घेतात. जे बरे होत नाहीत ते सांगायला परत येत नाहीत."

ताईबाई अगदी हळू म्हणाली, "चार दिन पहिले लई येतू ते पोर वाचती का वं?"

दिपमालाला खोटं बोलता आलं असतं. "कदाचित वाचली असती," ती म्हणाली. "आणि मला तीन आठवड्यांपूर्वी त्या बाबाचा पत्ता लागला होता. मी फक्त पाखरांचं लिहून दिलं. लोकांना येऊन सांगितलं असतं, तरी कदाचित वाचली असती."

दोघी रडल्या, पण एकमेकींकडे न बघता.

शुक्रवारी सरिताने डोळे उघडले. दिपमालाला नावाने हाक मारली. मग तिचा हात पोटाकडे गेला आणि तिथेच थांबला.

त्याच आठवड्यात वनखात्याच्या माणसांनी जिनिंगवर येऊन पिंजरे उचलले, बेबाबाईला पोलिसांनी ताब्यात घेतलं. बाबा मात्र आधीच निसटला होता. आठ दिवसांतच बातमी आली की तापीच्या अंगाला एका मळ्यात रविवारी पुन्हा रांग लागली आहे. नाव नवीन, कफनी पांढरी, पाखरं तीच. दिपमालाने पोलिसांना फोन केला. त्यांची गाडी निघाली होती, पण पोचायला तास तरी लागणार होता.

"माले तठे लई चाल," ताईबाई म्हणाली.

रांग शंभरावर होती. दिपमाला तिच्या टोकापासून चालत निघाली आणि प्रत्येकाला तेच सांगत गेली. हळदीचं सांगितलं, अंगठ्याचं सांगितलं. डोळे पिवळे झाले तर रक्त तपासून घ्या. पाणी उकळून प्या. पोटात बाळ असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, दुसरा दिवस उजाडायची वाट बघू नका. ऐकू नका माझं, पण स्वतः करून बघा, त्या पाखराला साबण लावून बघा. काही जणांनी ऐकलं आणि रांग सोडली. बऱ्याच जणांनी तोंड फिरवलं. एकाने तिच्या अंगावर माती फेकली.

रांगेच्या मधोमध एक बाई पोटुशा पोरीला धरून उभी होती. पोरीचे डोळे पिवळे होते आणि तिला उभं राहवत नव्हतं. ताईबाई त्यांच्यासमोर जाऊन थांबली.

"वऊ शे का?" तिला ती सून वाटली.

"आंडेर शे." पोटची लेक होती.

"मी भी आठेच बशेल व्हतू, याच रांगमा. मन्ही नात गयी वं. त्याना हातमा हयद शे, बाकी काहीच नही. तू माले शिव्या दे, पन हिले दवाखानामा लई जा."

बाई रांगेच्या पुढच्या टोकाला बसलेल्या बाबाकडे बघत राहिली. तिथून "जय" असा गजर उठला. मग तिने पोरीकडे पाहिलं.

"धुयाना दवाखानानं काहीच माहीत नही वं माय माले," ती म्हणाली. "कोनता दरवाजामा जावानं, कोनले सांगानं."

"माले माहीत शे," ताईबाई म्हणाली आणि पोरीचा दुसरा हात आपल्या खांद्यावर घेतला. "चाल, मी येस संगे."